विलंबाचे कारण

बुधवारी दुपारी मिस्तरीला कामावरून काढून टाकलं.

आता हे झालंच नाही असं धरून चालू. मिस्तरी स्वतः तसंच धरून चालला होता. गुरुवारी सकाळी साडेआठ वाजता तो खाकी शर्ट चढवून, पान्या-पकडींची पिशवी खांद्याला अडकवून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि बायकोकडे डबा मागत होता.

"कसला डबा?"

"दुपारचा."

"अहो, तुम्हाला काढलंय."

"कुणाला?"

बायकोने फ्रिजवरचं पत्र उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. काल तिनेच ते सही करून घेतलं होतं आणि तिनेच आधी वाचलं होतं. ज्या ऑफिसात पंखा दुरुस्तीचा अर्ज दोन उन्हाळे फिरतो, तिथून हे पत्र दोन दिवसांत निघालं होतं. सोमवारी कामावर असताना मद्यप्राशन केल्यामुळे लिफ्ट क्रमांक दोन चाळीस मिनिटे बंद राहिली, सबब आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे, असा मजकूर होता. खालचा शिक्का इतका ठसठशीत होता की त्याच्यावर अविश्वास दाखवायला माणसाला लाज वाटावी.

"चुकलंय ते," मिस्तरी म्हणाला. "दुरुस्त करून आणतो."

"चुकलंय म्हणे."

"अगं, सोमवारी थेंबसुद्धा घेतला नव्हता. तूच तर वास घेतलास संध्याकाळी."

हे खरं होतं. गेले त्रेचाळीस दिवस बायको रोज संध्याकाळी त्याला दारातच अडवायची. "हा करा," म्हणायची. मिस्तरी तोंड उघडून 'हा' करायचा आणि मग त्याला चपला काढायची परवानगी मिळायची. नंतर ती भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला निळ्या पेनाने एक टिंब द्यायची. सोमवारीही टिंब मिळालं होतं.

"सोमवारी मला सर्दी होती," बायको म्हणाली.

सर्दी या आजाराने त्याला आजवर पुष्कळ वेळा वाचवलं होतं. तो आजार असा दुसऱ्याच्या नाकात जाऊन आपल्यावर उलटेल, याची त्याने कल्पना केली नव्हती.

त्याची नजर कॅलेंडरकडे गेली. सगळी टिंबं खोडली होती. दोन्ही पानांवरची, एकूण एक.

"खोडायचा तर सोमवार खोडायचा होतास. सगळे कशाला?"

"एक खोटा निघाला तर बाकीचे कशावरून खरे?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मिस्तरीला बरं वाटलं असतं. "मी दादाला फोन करून सांगितलं होतं, सुटली म्हणून. पाच वर्षांत पहिल्यांदा ताठ मानेने बोलले त्याच्याशी. काल परत फोन केला. शनिवारी येतोय न्यायला."

"कुणाला?"

"आता 'कुणाला' करू नका. मला आणि पोरीला."

मिस्तरीने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "आणि मी कागद आणला तर? चुकलं होतं, असा?"

"शिक्क्याचा?"

"शिक्क्याचा."

"मग बघू," बायको म्हणाली, आणि तिने डबा भरला. इतक्या वर्षांचा हात होता, तो आपोआप भरत गेला.

*

सर्दीचं असं होतं.

मिस्तरी आणि नाना ही लिफ्ट दुरुस्तीवाल्या कंपनीतली अठरा वर्षांची जोडी. नाना वयाने मोठे, निवृत्तीला टेकलेले, चष्मा दोरीने गळ्यात. नानांचं अक्षर मोत्यासारखं आणि मिस्तरीचं, नानांच्याच शब्दांत सांगायचं तर, शाईत पडलेल्या झुरळाने काढलेलं. त्यामुळे दोघांच्या कामाचं रजिस्टर पहिल्या दिवसापासून नानाच लिहायचे. त्यात शेवटी एक रकाना असतो, 'विलंबाचे कारण'. मिस्तरी ज्या दिवशी उशिरा यायचा, किंवा येऊन भिंतीला टेकून बसायचा, किंवा यायचाच नाही, त्या दिवशी नाना त्या रकान्यात सुंदर वळणात 'सर्दी' लिहायचे.

कंपनीच्या दवाखान्यात एकदा कुणीतरी रजिस्टर खरोखर वाचलं. दोन वर्षांत एकसष्ट सर्द्या. दवाखाना हादरला. मिस्तरीला नाकाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे नाकाचं हाड थोडं वाकडं निघालं आणि ऑपरेशन ठरलं. 'मला सर्दी नाही, मी पितो' हे वाक्य मिस्तरीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मग नाना अडकले असते. म्हणून जोडीदाराची अब्रू राखण्यासाठी मिस्तरीने स्वतःचं बऱ्यापैकी चांगलं नाक कापून घ्यायची तयारी केली. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र आडपडदा न ठेवता विचारलं, "किती घेता?" भूल कमी पडेल या भीतीने मिस्तरीने खरा आकडा सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

नाक सरळ झालं. त्याबरोबर दारूही सोडायची, नाहीतर नोकरी नाही, असं कंपनीच्या डॉक्टरांनी लिहून घेतलं. पहिला आठवडा दवाखान्यातच गेला. हात इतके थरथरायचे की गोळी तोंडात जायच्या आधी दोनदा कानाला लागायची. निघताना मिस्तरीने डॉक्टरांना एकच विचारलं.

"साहेब, मन लागत नाही कशात. त्यामुळेच प्यायचो मी."

"उलटं आहे," डॉक्टर म्हणाले. "पिता म्हणून मन लागत नाही. दारूच माणसाला उदास करते. महिनाभर कोरडे राहा, बघा कसं वाटतं. तरी राहिलंच तर परत या. मग तो वेगळा आजार, त्याचं वेगळं औषध."

मिस्तरीने महिना मोजला. दारू उतरली, पण ते उदासपण उतरलं नाही. उलट आता ते स्वच्छ दिसायला लागलं. आधी निदान त्याच्यावर एक ओला पडदा असायचा. लिफ्टला मागच्या बाजूने तोलाची वजनं बांधलेली असतात आणि केबिन रिकामी असली की ती वजनं जड होऊन केबिन वर खेचली जाते. मिस्तरी रिकामा झाला आणि खाली गेला. यात यांत्रिक बिघाड नेमका कुठे आहे, हे त्याला सापडत नव्हतं. दारूने फसवलं याचं त्याला वाईट वाटत नव्हतं, तिचं कामच ते. पण न पिण्यानेही फसवावं?

एकतिसाव्या दिवशी तो दवाखान्यात गेला. डॉक्टर रजेवर होते. कंपाउंडरने एक फॉर्म पुढे केला. त्यात दोन चौकोन होते, 'सोडली' आणि 'सोडली नाही'. मिस्तरीने पहिल्या चौकोनात खूण केली.

"वा, अभिनंदन," कंपाउंडर म्हणाला. "आता यायची गरज नाही."

*

ऑफिसच्या वाटेवर कोपऱ्यावर दारूचं दुकान होतं. शटर अर्धं वर होतं आणि दुकानदार वाकून पायरी झाडत होता.

"या मिस्तरी! कुठे गडप झालात? दीड महिना तोंड नाही दाखवलंत."

मिस्तरी थबकला. अख्ख्या जगात आपण पीत नाही हे ठामपणे माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो झाडू घेऊन समोर उभा होता.

"हे लिहून द्याल का?"

"काय?"

"की मी दीड महिना आलो नाही."

दुकानदाराने झाडू भिंतीला टेकवला. "अहो, गिऱ्हाईक येत नाही असं कुठला दुकानदार लिहून देईल? धंद्याची लाज राखा माझ्या." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आत या. तब्येत उतरलेली दिसते. माझ्याकडून घ्या आज."

मिस्तरी उभाच राहिला. तो प्यायलाय हे बायकोने मान्य केलं होतं, कंपनीने शिक्का मारून मान्य केलं होतं, मेहुणा तर तिकीट काढून मोकळा झाला होता. सगळं झालं होतं, फक्त पिणं तेवढं बाकी होतं. कागदपत्रं पूर्ण असताना नुसतं काम अडवून धरणं हा आडमुठेपणाच म्हणायचा.

"नंतर बघू," तो म्हणाला आणि पुढे गेला. पाय ऑफिसकडे चालत होते, पण पाठ मात्र बराच वेळ दुकानाकडे तोंड करून होती.

*

आस्थापना विभागातल्या बाईंनी त्याला पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"तुम्ही कसे आत आलात? तुम्ही कालपासून नाही आहात."

"आलोय तर खरा."

"मग व्हिजिटर म्हणून सही करा. तिकडे, वहीत."

अठरा वर्षं ज्या दाराने तो आत आला, तिथे मिस्तरीने प्रथमच पाहुणा म्हणून सही केली. मग त्याने बाईंना सांगितलं, की सोमवारची नोंद चुकीची आहे, मी प्यायलो नव्हतो, ती दुरुस्त करून हवी आहे.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी ड्रॉवरमधून नियमांचं पुस्तक काढून त्याच्यासमोर पानं उलटली. "हे बघा, तुमच्यासाठी सोय आहे. व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हायचं, तिथलं प्रमाणपत्र आणायचं, सहा महिन्यांनी परत घेतात."

"पण मी आधीच सोडलीये."

"मग केंद्रवाले भरती नाही करणार."

"मग?"

बाईंनी खरोखर विचार केला. "आधी सुरू करावी लागेल," त्या म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. "तसं नाही हो... म्हणजे नियमाप्रमाणे."

"नुसता शब्द बदला ना, बाई. एकच शब्द आहे."

"नोंद ज्याने केली त्याच्याच अक्षरात दुरुस्ती, खाली त्याचीच सही. दुसऱ्याचं अक्षर चालत नाही. कुणी लिहिलीये नोंद?"

मिस्तरीला ते माहीत होतं. काल पत्र वाचल्यापासून माहीत होतं. पण बाईंनी रजिस्टर उघडून समोर धरेपर्यंत त्याने ते माहीत नसल्यासारखं ठेवलं होतं. सोमवारच्या ओळीत, शेवटच्या रकान्यात, प्रत्येक जोडाक्षर रेखीव, मोत्यासारखं अक्षर होतं: मद्यप्राशन.

*

नाना मागच्या गोदामात होते. जुन्या केबलच्या वेटोळ्यांमध्ये स्टुलावर बसून एका ब्रेकचं अस्तर घासत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"ये. चहा घेणार?"

"तुम्ही लिहिलंत, नाना?"

"दुसरं कोण लिहिणार? तुझं झुरळ?"

"मी प्यायलो नव्हतो. तुम्ही खाली आलात तेव्हा मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलंस खरं."

"तुमचा विश्वास नाही बसला?"

नानांनी अस्तर मांडीवर ठेवलं. "बसला की. तुझ्या डोळ्यात बघूनच बसला. प्यायलेला माणूस असा बघत नाही."

हे मिस्तरीला अपेक्षित नव्हतं. नानांचा गैरसमज झालाय, समजावून सांगितलं की झालं, अशा हिशेबाने तो आला होता.

"मग?"

"मग काय लिहू?" नाना उसळून म्हणाले. "सातव्या मजल्यावर गॅलरीतून बायका ओरडतायत, आजोबा जिन्यात बसलेत, कुणीतरी तक्रारीचा फोन पण केला. लिफ्ट चाळीस मिनिटं बंद. रकान्यात काहीतरी लागतं. सर्दी लिहू? नाक तर सरकारमान्य सरळ झालंय तुझं! तू म्हणतोस, काही झालं नाही. 'काही नाही' असं कारण असतं का कुठे? मिस्तरी खड्ड्यात बसून रडत होता असं लिहिलं असतं तर? वेडा म्हणाले असते. अरे, दारुड्याला कंपनी परत घेते, केंद्र आहे, प्रमाणपत्र आहे. वेड्याला कोण सोडेल परत शाफ्टमध्ये? मी तुला त्यातल्या त्यात बरं नाव दिलं."

"बरं नाव."

"अठरा वर्षं तू प्यायलास तेव्हा नाही प्यायला असं लिहिलं. तेव्हा आला होतास का विचारायला, नाना, खोटं का लिहिलंत म्हणून?"

मिस्तरी समोरच्या केबलच्या वेटोळ्यावर बसला.

"नाना, सोमवारचं सांगू?"

त्या दिवशी मिस्तरी शाफ्टच्या, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते त्या विहिरीच्या तळाशी, खड्ड्यात उतरला होता. नाना गच्चीवरच्या मशीन रूममध्ये होते. शाफ्टमध्ये आवाज घुमतो. 'हो' आणि 'नको' वरपर्यंत सारखंच ऐकू येतं, म्हणून प्रत्येक जोडीचा आपला एक शब्द असतो. यांचा शब्द होता 'मोकळा'. वरून नाना ओरडायचे, "मोकळा?" खालचा खड्ड्यातून बाहेर आला की तो ओरडायचा, "मोकळा!" मग नाना बटण दाबायचे आणि केबिन खाली यायची. अठरा वर्षांत नानांनी कधी जिना उतरून खात्री केली नव्हती. शब्द आला की दाबायचं.

"तुम्ही विचारलंत, 'मोकळा?' मी खालीच होतो," मिस्तरी म्हणाला. "वर बघितलं. केबिनचा तळ दिसत होता, चौकोनी, काळा. आणि वाटलं, नुसता एक शब्द बोलायचाय. उठायचंही नाही. बसल्या बसल्या."

नानांनी मांडीवरचं अस्तर खाली ठेवलं.

"म्हणून दातावर दात दाबून बसलो. तुम्ही विचारत होतात आणि मी तोंड दाबून बसलो होतो, दोन्ही हातांनी. पाय तर उचलतच नव्हते. तुम्ही खाली येईपर्यंत फक्त तेवढंच करत होतो, नाना. न बोलण्याचं काम. आयुष्यात कुठलं काम इतकं मन लावून केलं नव्हतं."

नानांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"गाढवा," ते म्हणाले. "बटण माझ्या हातात होतं."

"हो."

"अरे, मी दाबलं असतं."

"म्हणून तर."

नाना उठले. त्यांनी कपाटातून कोरा कागद काढला, स्टूल ओढून फळीपुढे बसले आणि खिशातलं शाईचं पेन उघडलं. "नोंद दुरुस्त करायची ना? अर्ज लागेल आधी. तू लिहिशील तर वाचायला माणूस ठेवावा लागेल त्यांना." त्यांनी लिहायला सुरुवात केली. प्रति, माननीय विभागप्रमुख, देखभाल विभाग. विषय, नोंद दुरुस्तीबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की. अक्षर नेहमीसारखंच होतं, मोत्याचं. 'की'पाशी पेन थांबलं.

"की काय?" नाना म्हणाले. "आता सांगितलंस ते लिहिता येणार नाही. ते तू डॉक्टरला सांग. आजच सांग. रजेवर असेल तर घरी गाठ त्याला, मी येतो बरोबर."

"सांगेन. ते नका लिहू. प्यायलो नव्हतो, एवढंच लिहा. शनिवारी मेहुणा येतोय, नाना. तिला शिक्क्याचा कागद हवाय."

"एवढंच कसं लिहू? तू प्यायला नव्हतास म्हणजे मी सोमवारी खोटं लिहिलं. सोमवारी खोटं लिहिलं म्हणजे मागचं रजिस्टर काढतील. एकसष्ट सर्द्या काढतील." त्यांनी पेनाचं टोपण हातात घेतलं. "माझे सात महिने राहिलेत रे."

"माहितीये."

"सात महिन्यांनी लिहून देतो. शपथ घेऊन सांगतो. हवं तिथे, हव्या तेवढ्या प्रतींत."

"शनिवार परवा आहे."

नानांनी टोपण लावलं. ते लावताना झालेला टक असा आवाज मिस्तरीला गोदामाच्या त्या टोकापर्यंत घुमल्यासारखा वाटला. मग ते उठले, अर्धा लिहिलेला कागद फळीवर तसाच ठेवला आणि म्हणाले, "चहा सांगून येतो." जाताना त्यांनी मिस्तरीच्या खांद्यावर हात ठेवला. चहा आला, एका माणसाबरोबर, एकच कप. नाना आले नाहीत.

मिस्तरीने चहा प्यायला. मग पाहुण्यांच्या वहीजवळचं, दोरीने बांधलेलं बॉलपेन सोडवून आणलं आणि नानांच्या 'की'पुढे स्वतःच्या अक्षरात लिहायला बसला. वर मोत्यांच्या साडेतीन ओळी आणि खाली झुरळाची सगळी धावपळ. त्याला तास लागला. बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला, दोन हस्ताक्षरांतला अर्ज घेण्याची तरतूद नाही म्हणाल्या, आणि त्याच्या तोंडाकडे बघून तो भिंतीवरच्या अर्जपेटीत टाकायला सांगितलं. ही पेटी शेवटची कधी उघडली, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

अर्ज असा होता:

...विनंती करण्यात येते की, सोमवारच्या नोंदीत लिफ्ट क्रमांक दोन चाळीस मिनिटे बंद राहण्याचे जे कारण दिले आहे ते चुकून पडलेले आहे. नोंद करणाऱ्याचा यात वाईट हेतू नव्हता व त्यांना यासाठी विचारणा करू नये. सदर वेळेत अर्जदार हजर होता व काम करीत होता. तरी 'विलंबाचे कारण' या रकान्यातील 'मद्यप्राशन' हा शब्द रद्द करून त्या जागी 'मिस्तरी पूर्ण शुद्धीवर होते' असे कारण नोंदवावे, व सदर दुरुस्तीची एक शिक्का मारलेली प्रत अर्जदाराच्या पत्नीस शनिवारच्या आत घरपोच मिळावी, ही नम्र विनंती.